हलक्या लिनक्सवर उपकरण सापडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्पाइन, टायनी कोअर, पपी, अँटीएक्स यांसारखी हलकी लिनक्स प्रणाली बसवल्यावर वायफाय, टचपॅड किंवा पेनड्राइव्ह ‘सापडत नाही’ अशी तक्रार घेऊन जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. कमांड, फाइलींची नावे आणि कर्नलचे (म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे) संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये कमांड रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहाव्यात.

१. उपकरण ‘ओळखले जात नाही’ म्हणजे नेमके कुठे अडते?

या एका तक्रारीत चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात आणि आपला बिघाड त्यांपैकी कोणता हे ठरले की निम्मे काम झाले. उपकरण जोडले की आधी यूएसबी किंवा पीसीआय मार्गावर त्याची हजेरी लागते आणि ते आपला उत्पादक क्रमांक व उत्पादन क्रमांक कळवते. मग त्या क्रमांकांशी जुळणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) शोधून कर्नलमध्ये लोड केला जातो. पुष्कळ उपकरणांच्या बाबतीत ड्रायव्हरला फर्मवेअरची (उपकरणाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) एक फाइल उपकरणात भरावी लागते. शेवटी ‘/डेव्ह’ डिरेक्टरीत उपकरणाची फाइल तयार होते किंवा नेटवर्कचा इंटरफेस उभा राहतो, आणि तो वापरण्याची परवानगी वापरकर्त्याला असावी लागते.

पहिला टप्पा सर्व लिनक्स प्रणालींत जवळपास सारखाच असतो. प्रणाली हलकी करताना कात्री लागते ती पुढच्या तीन टप्प्यांवर: न लागणारी मॉड्यूल (कर्नलला गरजेप्रमाणे जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे भाग), जागा खाणारे फर्मवेअर आणि पार्श्वभूमीत चालणारे व्यवस्थापक. म्हणूनच मोठ्या प्रणालीत निमूटपणे चालणारे उपकरण येथे अडते, आणि म्हणूनच ते बहुतेक वेळा एखादे पॅकेज टाकून चालूही होते.

२. तपासणीची सुरुवात कोणत्या कमांडने करावी?

यूएसबीच्या उपकरणासाठी ‘एलएसयूएसबी’, संगणकाच्या आत बसवलेल्या कार्डासाठी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ आणि दोन्हींसाठी कर्नलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ एवढ्या तीन कमांड पुरतात. हलक्या प्रणालीत पहिल्या दोन बहुधा बिझीबॉक्सच्या (अनेक कमांडच्या आटोपशीर संचाच्या) असतात. त्या उपकरणाचे नाव न दाखवता नुसते क्रमांक दाखवतात आणि सर्व पर्यायही स्वीकारत नाहीत. अशा वेळी ‘यूएसबीयुटिल्स’ आणि ‘पीसीआययुटिल्स’ ही पॅकेजे टाकून घ्यावीत. ‘डीमेसेज’ परवानगी नाकारत असेल, तर ती रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवावी.

सर्वांत उपयोगी सवय म्हणजे ‘डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवून, पडद्याकडे पाहत उपकरण जोडणे. चांगला पेनड्राइव्ह घातला, तर एकदोन सेकंदांत ‘न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ अशी ओळ येते, पाठोपाठ उत्पादक व उत्पादन क्रमांक येतात, मग ‘यूएसबी-स्टोरेज’चा उल्लेख होतो आणि अखेरीस ‘एसडीबी: एसडीबी१’ असे डिस्कचे आणि तिच्या पार्टिशनचे नाव उमटते. ही साखळी जिथे तुटते तिथेच बिघाड असतो. एकही ओळ आली नाही तर प्रश्न ३, क्रमांक येऊन सारे थांबले तर प्रश्न ४, आणि फर्मवेअरची तक्रार दिसली तर प्रश्न ५ पाहावा.

३. उपकरण जोडले तरी ‘एलएसयूएसबी’च्या यादीत भरच पडत नाही. ड्रायव्हर कुठून आणू?

आणू नये, कारण येथे ड्रायव्हरचा प्रश्नच आलेला नाही. यादीत क्रमांक येण्यासाठी उपकरणाचा स्वतःचा ड्रायव्हर लागत नाही. फक्त यूएसबी कंट्रोलरचा लागतो, आणि त्याच पोर्टवर दुसरे एखादे उपकरण चालत असेल तर तो आहेच. आधी केबल बदलावी. मोबाइलसोबत येणाऱ्या काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. तिच्यावर दिवा लागतो, पण माहितीची देवाणघेवाण होत नाही.

कर्नल अगदी गप्प असेल तर केबल, पोर्ट किंवा उपकरण मृत आहे असे मानावे. याउलट ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’ किंवा ‘एरर -११०’ असे संदेश येत असतील, तर उपकरण आहे पण बोलणे पूर्ण होत नाही: ७१ म्हणजे संवादाच्या नियमांत चूक आणि ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. दोन्हींमागे बहुधा सैल जोड, लांब केबल किंवा अपुरी वीज असते. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टकडून ९०० मिलिअँपिअर मिळणे अपेक्षित असते, तर स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब प्रत्येक पोर्टला फक्त १०० मिलिअँपिअरची हमी देतो. बाहेरची हार्ड डिस्क अशा हबवर टिकटिक करत राहते आणि दोष मात्र लिनक्सला दिला जातो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला जोडून पाहावे.

उपकरण काही वेळ चालून मग नाहीसे होत असेल, तर वीजबचतीची सोय तपासावी. बूट करताना ‘यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१’ हा पर्याय दिल्यावर तक्रार थांबली, तर कारण सापडले.

४. यादीत नाव दिसते, पण उपकरण चालत नाही. ड्रायव्हर आहे की नाही, हे कसे ओळखावे?

‘एलएसपीसीआय -एनएनके’ मध्ये त्या कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का ते पाहावे. ती असेल तर ड्रायव्हर लोड होऊन कार्डाला जोडला गेला आहे. ती नसून फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ असेल, तर मॉड्यूल डिस्कवर आहे पण कामाला लागलेले नाही. ‘मॉडप्रोब’ कमांडने ते हाताने लोड करून ‘डीमेसेज’ काय म्हणते ते वाचावे. दोन्ही ओळी नसतील, तर या कर्नलसोबत तो ड्रायव्हर आलेलाच नाही. यूएसबीसाठी हीच माहिती ‘एलएसयूएसबी -टी’ मध्ये ‘ड्रायव्हर=’ या शब्दापुढे मिळते.

ड्रायव्हर नसण्याची दोन कारणे नेहमी आढळतात. एक म्हणजे कर्नलच छाटलेला असतो. अल्पाइनमध्ये ‘लिनक्स-व्हर्ट’ हा कर्नल आभासी यंत्रांसाठी बांधलेला आहे. तो प्रत्यक्ष लॅपटॉपवर टाकला तर वायफायपासून ध्वनीपर्यंत बरेच काही गायब दिसते, आणि ‘लिनक्स-एलटीएस’ टाकताच परत येते. टायनी कोअरमध्ये वायफायची मॉड्यूल वेगळ्या एक्स्टेन्शनमध्ये (टायनी कोअरच्या पॅकेजमध्ये) असतात, ज्याच्या नावात कर्नलची आवृत्ती जोडलेली असते. ती आवृत्ती चालू कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या ‘युनेम -आर’शी तंतोतंत जुळली पाहिजे. पपीमध्ये मॉड्यूल ‘झेडडीआरव्ही’ या फाइलमध्ये असतात, आणि कर्नल बदलून ही फाइल जुनीच राहिली तर एकही मॉड्यूल लोड होत नाही.

दुसरे कारण म्हणजे उपकरण कर्नलपेक्षा नवे असणे. अशा वेळी कुठल्यातरी संकेतस्थळावरून ड्रायव्हरचा स्रोत आणून तो बांधत बसण्यापेक्षा नवा कर्नल टाकणे सोपे, असे माझे मत आहे. बाहेरून बांधलेले मॉड्यूल कर्नलच्या प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर पुन्हा बांधावे लागते, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्यास सहीअभावी नाकारलेही जाते.

५. ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर लोड झाले नाही असे लिहून येते. ही फाइल कुठे मिळते आणि कुठे ठेवायची?

संदेशाच्या शेवटी ‘एरर -२’ असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की मागितलेल्या नावाची फाइल सापडली नाही. नाव त्याच ओळीत दिलेले असते आणि फाइल ‘/लिब/फर्मवेअर’ या डिरेक्टरीत, संदेशात दिलेल्या उपडिरेक्टरीसह असावी लागते. ती सुटी शोधण्याऐवजी प्रणालीचे पॅकेज घ्यावे. अल्पाइनमध्ये फर्मवेअरची लहान लहान पॅकेजे केलेली आहेत आणि त्यांची नावे उपडिरेक्टरीवरूनच दिली आहेत, टायनी कोअरमध्ये ‘फर्मवेअर’ने सुरू होणारी एक्स्टेन्शन आहेत, पपीमध्ये ‘एफडीआरव्ही’ ही फाइल हेच काम करते. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असे फर्मवेअर २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून समाविष्ट आहे. त्याआधीच्या आवृत्तीवर उभ्या असलेल्या प्रणालीत ते स्वतः टाकावे लागू शकते.

येथे तीन गोष्टींत लोक फसतात. पहिली, दुसऱ्या संगणकावरून आणलेली फाइल संकुचित असू शकते. कर्नल ५.३ पासून ‘एक्सझेड’ आणि ५.१९ पासून ‘झेडस्टँडर्ड’ प्रकारची संकुचित फाइल वाचण्याची सोय आहे. त्याहून जुन्या कर्नलला फाइल समोर असूनही दिसत नाही, म्हणून ती उलगडून ठेवावी. दुसरी, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बहुधा इनिटरॅमएफएसमध्येच (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइल प्रणालीत) लोड होतो, त्यामुळे त्याचे फर्मवेअर डिस्कवर ठेवल्यानंतर इनिटरॅमएफएस नव्याने बांधणे आवश्यक असते. तिसरी, प्रत्येक तक्रार खरी नसते. इंटेलचा वायफाय ड्रायव्हर फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीपासून जुन्याकडे एकेक नाव मागत जातो. त्या वाटेवर चारपाच ‘सापडले नाही’ येऊन शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ असे आले असेल, तर सर्व ठीक आहे.

६. फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे. मग करायचे काय?

मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग सुरू करावे. अँड्रॉइड फोन बहुधा ‘आरएनडीआयएस_होस्ट’ किंवा ‘सीडीसी_ईथर’ या मॉड्यूलच्या साहाय्याने साध्या ईथरनेट कार्डासारखा दिसतो. त्याला फर्मवेअर लागत नाही. इंटरफेस दिसला की ‘यूडीएचसीपीसी -आय’ पुढे त्याचे नाव देऊन पत्ता मिळवावा.

७. वायफायचा ड्रायव्हर आहे, फर्मवेअरही लोड झाले आहे, तरी एकही नेटवर्क दिसत नाही.

‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड चालवावी. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ने सुटते. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर कोणतीही कमांड उपयोगी पडत नाही, लॅपटॉपच्या कडेला असलेले सरकते बटण किंवा वायफायची की शोधावी. (मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर बदलण्यात घालवली आणि बटण लॅपटॉपच्या पुढच्या कडेखाली निघाले.) हे ठीक असेल तर ‘आयपी लिंक’मध्ये इंटरफेसचे नाव पाहावे: उदाहरणे ‘डब्ल्यूलॅन०’ वापरतात, पण आपल्याकडे ते ‘डब्ल्यूएलपी३एस०’ असू शकते.

त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर त्यातील फास्ट स्टार्टअप बंद करून पाहावे. ती सोय चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि काही नेटवर्क कार्डे अर्धवट झोपलेल्या अवस्थेत लिनक्सच्या हाती येतात.

८. कन्सोलवर कीबोर्ड चालतो, पण ग्राफिकल पडदा सुरू झाला की कीबोर्ड आणि माउस दोन्ही मरतात. असे का?

हा खास हलक्या प्रणालींचा बिघाड आहे. अल्पाइनची साधी बसवणी उपकरणांच्या फाइली तयार करण्यासाठी बिझीबॉक्सचा ‘एमडेव्ह’ वापरते. तो ‘/डेव्ह’मध्ये फाइली नीट तयार करतो, परंतु एक्स सर्व्हर (ग्राफिकल पडदा चालवणारा प्रोग्राम) कीबोर्ड आणि माउस कोणते आहेत हे ‘यूडेव्ह’ या मोठ्या प्रणालींतील उपकरण-व्यवस्थापकाला विचारतो, आणि उत्तर देणारा कोणी नसतो. अल्पाइनमध्ये ‘सेटअप-डेव्हडी यूडेव्ह’ चालवल्याने व्यवस्थापक बदलतो. ‘सेटअप-एक्सऑर्ग-बेस’ही हे काम करून देते. इतरत्र ‘ईयूडेव्ह’ हे पॅकेज टाकून त्याची सेवा बूटच्या वेळी सुरू होईल असे करावे.

९. इंटरनेटचा डोंगल लावला, तर सीडी ड्राइव्ह दिसतो. डोंगल खराब आहे का?

नाही. अशा डोंगलच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर असलेली आभासी सीडी असते आणि जोडल्यावर तो प्रथम तीच पुढे करतो. उदाहरणार्थ, रिअलटेकची काही वायफाय डोंगल ‘०बीडीए:१ए२बी’ या क्रमांकाने डिस्क म्हणून हजर होतात. ‘यूएसबी_मोडस्विच’ने रूप पालटल्यावर तेच उपकरण दुसऱ्या क्रमांकाने वायफाय म्हणून येते. मोठ्या प्रणालीत हे यूडेव्हच्या नियमाने आपोआप होते. जेथे एमडेव्ह आहे तेथे ही कमांड स्वतः चालवावी लागते. काही डोंगलना नुसते ‘इजेक्ट /डेव्ह/एसआर०’ पुरते. रूप पालटल्यानंतरही ड्रायव्हर लागतोच. त्यासाठी प्रश्न ४.

१०. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क फाइल मॅनेजरमध्ये येत नाही.

डिस्कांची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’मध्ये ती दिसत असेल तर उपकरण सापडलेले आहे, राहिले आहे ते माउंट करणे (तिच्यातील फाइली एखाद्या डिरेक्टरीत उघडणे). हलक्या डेस्कटॉपमध्ये आपोआप माउंट करणारी सेवा बऱ्याचदा नसतेच. हाताने माउंट करताना ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप’ असे आले, तर फाइल प्रणालीचा आधार नाही. एक्सफॅटचा पूर्ण आधार कर्नलमध्ये ५.७ पासून आणि एनटीएफएसवर लिहू शकणारा नवा ड्रायव्हर ५.१५ पासून आहे. जुन्या कर्नलवर ‘एक्सफॅट-फ्यूज’ किंवा ‘एनटीएफएस-३जी’ वापरावे.

कार्ड रीडर ० बाइटचा दिसत असेल, तर त्यात कार्ड नीट बसलेले नाही. बाहेरची डिस्क सापडूनही मोठी फाइल हलवताना वारंवार रीसेट होत असेल आणि संदेशांत ‘यूएएस’ दिसत असेल, तर तिच्या कव्हरमधील चिपला तो वेगवान प्रोटोकॉल झेपत नाही. बूटच्या ओळीत ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ लिहून पुढे उत्पादक क्रमांक, अपूर्णविराम, उत्पादन क्रमांक, अपूर्णविराम आणि ‘यू’ हे अक्षर दिले की त्या एका उपकरणापुरता जुना, संथ पण भरवशाचा मार्ग वापरला जातो.

११. संगणकातील एसएसडी इन्स्टॉलरला दिसतच नाही, विंडोज मात्र तिच्यावरून चालते.

बायोसमध्ये साठवणुकीची पद्धत ‘रेड’, ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ अशी असणार. अशा वेळी एनव्हीएमई डिस्क (पीसीआय मार्गावरची वेगवान एसएसडी) इंटेलच्या कंट्रोलरआड लपते. कर्नल हे स्पष्ट सांगतो, फक्त वाचणारा हवा: ‘डीमेसेज’मध्ये ‘रिमॅप्ड एनव्हीएमई’ डिव्हाइस सापडल्याचा आणि बायोसमध्ये रेडऐवजी एएचसीआय निवडण्याचा सल्ला असतो. व्हीएमडी असल्यास ‘व्हीएमडी’ हे मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये असले तरी भागते. एएचसीआयवर जाण्यापूर्वी विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगून ठेवावे, अन्यथा बदलानंतर ती सुरू होणार नाही.

१२. कोणत्याच यादीत न येणारी उपकरणेही असतात का?

असतात. यूएसबी आणि पीसीआय यांवर उपकरण स्वतःची ओळख सांगते. आयटूसी, एसपीआय (चिपांना जोडणारे साधे मार्ग) आणि जुन्या सीरियल पोर्टवर तशी व्यवस्थाच नाही. नव्या लॅपटॉपांतील टचपॅड बहुधा आयटूसीवर असतो आणि त्याची माहिती एसीपीआयच्या (बायोस प्रणालीला देते त्या) तक्त्यांतून येते. म्हणून तो ‘एलएसयूएसबी’मध्ये शोधू नये, ‘/प्रॉक/बस/इनपुट/डिव्हाइसेस’ ही फाइल वाचावी. तेथे नसेल, तर ‘आयटूसी_एचआयडी’ मालिकेतील मॉड्यूल, इंटेलचे ‘एलपीएसएस’ आणि त्या चिपसंचाचे ‘पिनकंट्रोल’ मॉड्यूल या तिन्हींची खात्री करावी. छाटलेल्या कर्नलमध्ये यांपैकी एक हमखास राहून जाते. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणक-बोर्डावर जोडलेल्या सेन्सरची नोंद तर डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिल्या जाणाऱ्या उपकरणांच्या यादीत) आपणच करायची असते.

१३. आवाज येत नाही. साउंड कार्ड सापडले नाही असे समजावे का?

‘एप्ले -एल’ने कार्ड दाखवले तर ते सापडले आहे. बहुधा अल्सामिक्सरमध्ये मास्टरखाली ‘एमएम’ असते, म्हणजे आवाज बंद आहे, ‘एम’ दाबावे. पहिले कार्ड एचडीएमआयचे असल्यास आवाज मॉनिटरकडे जातो. नव्या इंटेल लॅपटॉपवर कार्डच नसेल, तर ‘एसओएफ’ फर्मवेअर टाकावे.

१४. सीरियल अडॅप्टर लावताच ‘टीटीवाययूएसबी०’ येते आणि लगेच नाहीसे होते.

‘डीमेसेज’मध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव शोधावे. ब्रेल पडद्यांसाठीची ही सेवा सीएच३४० चिपच्या ‘१ए८६:७५२३’ या क्रमांकाला ब्रेल उपकरण समजून ताब्यात घेते, उबुंटू २२.०४ आणि तिच्यावर आधारित लुबुंटूमध्ये हा अनुभव अनेकांना आला. ब्रेल पडदा वापरत नसाल तर ते पॅकेज काढावे. फाइल टिकून राहते पण उघडताना परवानगी नाकारली जाते, असे असेल तर वापरकर्त्याला डेबियन घराण्यात ‘डायलआउट’ आणि आर्च घराण्यात ‘यूयूसीपी’ या गटात घालून पुन्हा लॉगिन करावे.

१५. काल चालणारा पेनड्राइव्ह आज प्रणाली अद्ययावत केल्यावर लगेच बंद पडला.

‘युनेम -आर’ आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’मधील डिरेक्टरीची नावे जुळवून पाहावीत. काही प्रणालींत अद्ययावतीकरणात जुन्या कर्नलची मॉड्यूल पुसली जातात, पण मेमरीत चालत असतो तो जुनाच कर्नल; आधी लोड झालेली उपकरणे चालू राहतात आणि नव्याने जोडलेल्यासाठी मॉड्यूल मिळत नाही. संगणक एकदा रीस्टार्ट करावा.

१६. एकाच कार्डासाठी दोन ड्रायव्हर भांडतात. एकाला कसे थांबवावे?

ब्रॉडकॉमच्या वायफायवर हे नेहमी घडते: ‘डब्ल्यूएल’ टाकला असताना ‘बी४३’, ‘एसएसबी’, ‘बीसीएमए’ किंवा ‘बीआरसीएमएसमॅक’ आधी कार्ड धरून बसतो. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये ‘ब्लॅकलिस्ट’ आणि मॉड्यूलचे नाव लिहिलेली फाइल ठेवावी. हे बंधन फक्त क्रमांकावरून आपोआप लोड होण्यावर आहे. दुसऱ्या मॉड्यूलने मागितले किंवा कोणी हाताने बोलावले तर मॉड्यूल लोड होतेच. पूर्ण बंदीसाठी ‘इन्स्टॉल’, मॉड्यूलचे नाव आणि ‘/बिन/फॉल्स’ अशी ओळ लिहावी.

१७. सगळे जुळवले, उपकरण चालले, आणि रीस्टार्टनंतर पुन्हा पहिल्यासारखे!

प्रणाली मेमरीतून चालत आहे आणि बदल जतन झालेले नाहीत. अल्पाइनच्या डिस्कविरहित पद्धतीत ‘एलबीयू कमिट’ केल्याशिवाय काहीही टिकत नाही, आणि तीही मुळात ‘/ईटीसी’च जतन करते, इतर जागा ‘एलबीयू अ‍ॅड’ने कळवाव्या लागतात. मॉड्यूलचे नाव ‘/ईटीसी/मॉड्यूल्स’ या फाइलमध्ये लिहावे. टायनी कोअरमध्ये एक्स्टेन्शनचे नाव ‘ऑनबूट.एलएसटी’मध्ये, स्वतःच्या कमांड ‘/ऑप्ट/बूटलोकल.एसएच’मध्ये आणि जपायच्या फाइलींची नावे ‘फाइलटूल.एलएसटी’मध्ये घालून बॅकअप घ्यावा. पपीमध्ये पहिल्यांदा बंद करताना विचारली जाणारी सेव्ह फाइल नाकारली असेल, तर ती तयार करावी.

१८. एवढे करूनही अडले, तर मदत मागताना काय द्यावे?

आधी एखादी मोठी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहावी. तिच्यावर उपकरण चालले, तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’मधील ड्रायव्हरचे नाव, ‘युनेम -आर’ आणि ‘डीमेसेज’मधील फर्मवेअरची ओळ उतरवून घ्यावी, हलक्या प्रणालीत नेमके काय कमी आहे याची ती यादीच असते, आणि पुष्कळदा मग विचारण्याची गरज उरत नाही. ते जमले नाही, तर प्रणालीचे नाव व आवृत्ती, दोन्ही याद्या आणि उपकरण जोडण्याच्या क्षणापासूनचे ‘डीमेसेज’ न छाटता पाठवावे. खोक्यावरचे मॉडेल पुरेसे नसते, कारण एकाच नावाखाली उत्पादक मधल्या काळात आतली चिप बदलतात. क्रमांक मात्र चिपप्रमाणे बदलतो.